बॉस अडली तेव्हा
एक्स-रे पडद्यावर आला आणि मालक आधी हसले, मग गप्प झाले. पोट अंड्यांनी खच्चून भरलेलं.

“पण डॉक्टर, हा नर आहे!”

न्यू जर्सीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये आलेला हा बॉस, म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन जातीचा, रंग बदलणारा सरडा, मूळचा येमेनकडचा. मालक निवृत्त ट्रक ड्रायव्हर. दुकानदाराने नर म्हणून गळ्यात मारला होता. या जातीच्या नराला मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासून बारीक नखीसारखा उंचवटा असतो. बॉसच्या दोन्ही टाचा साफ गुळगुळीत.

“घरात दुसरा सरडा नाही, मग अंडी आली कुठून?”

दुकानातली अंडी घालणाऱ्या कोंबड्यांनी तरी कोंबडा कुठे पाहिलेला असतो, असं मी म्हटलं तेव्हा त्यांना पटलं.

चार दिवस खाणं बंद. एरवी फांदी न सोडणारी ही बया सारखी खाली उतरून पिंजऱ्याचा कोपरा ओरबाडत होती. खाली नुसता कागद. शॅमेलिऑनची मादी ओलसर मातीत बोगदा खणते, टोकाला अंडी घालते आणि वरून बुजवून टाकते. खणायला जागा नसली की अंडी धरून ठेवते, आणि त्यातच खंगते. इथे भर म्हणजे नाकतोड्यांवर कॅल्शियमची पूड कधी लावली नव्हती, आणि यूव्हीबी ट्यूब, म्हणजे कॅल्शियम अंगी लागायला हवे असलेले अतिनील किरण देणारा दिवा, दोन वर्षं तीच. ट्यूब दिसायला पेटलेली असते, पण त्यातलं यूव्हीबी केव्हाच संपलेलं असतं. कॅल्शियम कमी पडलं की अंडी ढकलायला स्नायूंत जोर राहत नाही.

आदल्या वर्षी अशीच एक आली होती, डोळे खोल गेलेली, दिवसाही मिटलेले. कुशीवर झोपवून पोट उघडलं, अंडी काढली. दुसरी रात्र तिने काढली नाही. त्यामुळे बॉसचे डोळे मी तीनदा पाहिले. टपोरे होते. बोटाला पायांची पकडही घट्ट. सर्जरी नको, थांबू या, असं ठरवलं.

कातडीखाली सलाईन आणि कॅल्शियम दिलं. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचा मोह झाला, पण सरड्यांत त्याचा कासवांइतका भरवसा नाही, आणि एखादं अंडं खरंच अडकलं असेल तर आतच काहीतरी फाटायचं. मग मोठी बादली घेतली, फूटभर वाळू भरली. दिवाळीच्या किल्ल्यात बोगदा करताना माती भिजवतो ना, तेवढीच भिजवली. खणलेलं ढासळता कामा नये. पिंजऱ्यात बादली ठेवली, भोवती चादर, आणि पिंजरा सामानाच्या खोलीत.

परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकताना अडलेली म्हैस म्हणजे दोर, खांद्यापर्यंत आत गेलेला हात आणि ओढायला चार माणसं. इथे डॉक्टरने करायचं एवढंच, की समोरून उठून जायचं. तेच मला जमेना. संध्याकाळी दार किलकिलं करून पाहिलं. ती वाळूत अर्धी गेलेली. एक डोळा बोगद्यात, दुसरा सावकाश फिरून माझ्यावर. पाच मिनिटांत ती बाहेर आली आणि फांदीवर जाऊन बसली. सगळी मेहनत माझ्या चौकसपणापायी फुकट.

दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली मी रिसेप्शनवरच्या मुलीकडे दिली आणि मी मागितली तरी देऊ नकोस असं बजावलं. मागितली मी. दिली नाही तिने.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाळू सपाट, थोपटून बसवलेली, जणू तिथे काही घडलंच नाही. फांदीवर बॉस, तोंडाला वाळू, बरगड्या मोजता येतील इतकी रिकामी. चमच्याने हळूहळू उकरलं. पांढरी, चिवट सालीची 51 अंडी निघाली. दुसऱ्या एक्स-रेत पोट स्वच्छ.

मालकांना सांगितलं, अंडी फलित नाहीत, पण काही महिन्यांनी पुन्हा येतील. खाणं मोजून द्या, दिव्याखालची ऊब 27-28 अंशांवर आणा, म्हणजे एका खेपेची संख्या तरी घटते. वाळूची बादली मात्र कायम पिंजऱ्यात हवी. त्यांनी सगळं हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं.

“फाइलवर नाव बदलू का?” रिसेप्शनवरून विचारलं.

“कशाला? बॉस आहेच ती.”

एका हातात पिंजरा, दुसऱ्यात वाळूची बादली घेऊन ते गाडीकडे गेले. बादली क्लिनिकची होती. मी काही बोलले नाही.