केसांची सुतळी झाली तेव्हा

नीटच्या क्लाससाठी लातूरला आले तेव्हा माझी वेणी कमरेला लागायची. गाव नांदेड जिल्ह्यातलं, गोदावरीच्या काठाचं. तिथं रविवारी नदीच्या पाण्यानं न्हायचं, विषय संपला. होस्टेलात मात्र प्यायला जार आणि बाकी सगळ्याला बोअर. तीन महिन्यांत कंगवा निम्म्यातच अडकायला लागला. धुऊनही केस हाताला चिकट लागायचे. दिवाळीत आजीनं वेणीचं टोक बोटांत चोळून बघितलं. "काय करून घेतलीस गं हे? सुतळी झाली की."

शाम्पूनं केस गळतात असं रूममेटनं सांगितलेलं, म्हणून मी अंगाचाच साबण डोक्याला लावत होते. फेस येईना म्हणून अजून लावायचे. बादलीच्या कडेला पांढरट साय धरायची, ती रोज घासून काढायचे, पण तीच डोक्यावरही बसत असेल हे काही सुचलं नाही.

सुचलं ते केमिस्ट्रीच्या तासाला. शाळेत 'दुष्फेन पाणी' पाठ केलं होतं, तेच पुन्हा फळ्यावर आलं. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा गाळ करतं. सर समीकरण लिहीत होते आणि मला माझी बादली दिसत होती. शाम्पूचा असा गाळ होत नाही. साबण त्याच दिवशी बंद.

आता आदल्या रात्री खोबरेल लावते. ते केसात मुरतं, त्यामुळं धुताना केस पाणी कमी पितात, कमी फुगतात. शाम्पू मगात पातळ करून फक्त मुळांना. खाली ओघळतो तेवढा फेस लांबीला पुरतो. पूर्वी मी सगळे केस डोक्यावर गोळा करून धुण्यासारखे चोळायचे! शेवटी लिटरभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून ओतायचं, मिनिटभर थांबायचं आणि वरून तांब्याभर जारचं पाणी. डोक्यात खाजवल्याची जखम असेल त्या दिवशी लिंबू नको; मी एकदा नाचले आहे.

आजीनं शिकेकाई कुटून दिली होती. पण बाहेर चार जणी बादल्या घेऊन उभ्या असताना डोक्यातला चोथा कोण काढत बसणार? ती गावाकडंच.

पंचानं केस झटकणंही सोडलं. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो. जुनी सुती ओढणी गुंडाळून ठेवते, अर्धवट वाळले की मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर. आधीची फाटलेली टोकं मात्र कशानंच जुळली नाहीत. चार बोटं कापून टाकली, महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात म्हणून धीर धरला.

जारचं पाणी न्हाणीत नेताना वॉर्डनबाईंनी पकडलं. "२०१६ ला या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, आणि तुम्ही डोक्यावर ओतलालाव?" मी खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी जारवर कागद चिकटवलेला: 'हे पाणी फक्त पिण्यासाठी.' तेव्हापासून मी माझ्या वाटणीच्या बाटलीतलंच तांब्याभर वाचवते.