सांदणमधे आयफोनचं सॅटेलाइट चालत नाही

ट्रेक लीडरचं काम करतो त्यामुळे पाय मुरगळणं, चक्कर येणं नेहमीचंच, पण सांदण दरीतला (भंडारदऱ्याजवळ साम्रद गावाची अरुंद कातळी घळ) हा प्रकार सगळ्या ट्रेकर्सनी वाचावा असं मनापासून वाटतं.

सांदणमधे पहिलं रॅपलिंग (दोराला धरून कडा उतरणं) झालं की मागे फिरणं अवघड, मग खाली उतरून करोली घाटाने परत वर साम्रदला यायचं नाहीतर सरळ खालच्या डेहणे गावाला निघायचं. त्या रॅपलिंगच्या खालीच एक दादा धोंड्यावरून घसरले, नडगीच वाकडी दिसत होती. अमेरिकेत राहतात, सुट्टीवर आलेले. मी पाय हलू नये म्हणून स्प्लिंट बांधतोय आणि त्यांचा भाऊ अगदी निवांत, म्हणे टेन्शन नको सर, दादाच्या आयफोनमधे सॅटेलाइट एसओएस आहे, थेट उपग्रहावरून मदत मागता येते, मोबाइलच्या रेंजची गरजच नाही. दोघं फोन वर धरून बसले, ऑप्शनच येईना.

त्यांना सांगितलं, ही सोय २०२२ मधे आयफोन १४ बरोबर अमेरिका-कॅनडात सुरू झाली, नंतर युरोपातले काही देश, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, पण भारतात ती नाही, फोन तिकडून घेतलेला असला तरी नाही. आणि समजा असती तरी ते सॅटेलाइट साधारण १४०० किमी वरून सतत पळत असतात, फोन त्यांच्या दिशेने धरावा लागतो, मोकळं आकाश लागतं, नुसती झाडी असली तरी मेसेज जायला वेळ लागतो. सांदणमधे तर दोन्हीकडे उभे कातळ आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी!

सोबत साम्रदची पोरं होती. त्यातल्या एकाला कागदावर लिहून दिलं, पेशंट नक्की कुठे आहे, काय लागलंय, शुद्धीत आहे का, सोबत किती जण (आयफोनसुद्धा साधारण हेच विचारतो), आणि तो डेहणेच्या दिशेने पळत सुटला, रेंज मिळेल तिथून १०८ ला आणि गावात फोन करायला. आम्ही दोराचं स्ट्रेचर बांधून हळूहळू निघालो, पुढे गावातली माणसं बांबू घेऊन भेटली, आलटून पालटून खांदा देत त्यांनीच दादांना खाली नेलं, पार अंधार झाला. त्या माणसांचे उपकार कसे फेडायचे सांगा.

परदेशातून येणाऱ्यांनी इनरीचसारखं सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं डिव्हाइस पण बॅगेत टाकून आणू नका, परवानगीशिवाय ते इथे बेकायदेशीर आहे, एअरपोर्टवरच अडवतात. माझं म्हणणं एवढंच, निदान सह्याद्रीत रेस्क्यूला जाणाऱ्या टीम्सना तरी सरकारने ही परवानगी सोपी करून द्यावी, म्हणजे निरोप पोचवायला कुणाला पळत जावं लागणार नाही.