ते निवाऱ्यात का जात नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लग्नात भेटलात, गाडीत भेटलात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भेटलात, तरी प्रश्न एकच: "निवारे आहेत ना, मग ही माणसं फुटपाथवर का झोपतात? तुम्ही नेत का नाही त्यांना?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देता. "सवय झालीय त्यांना."

गेली नऊ वर्षं रात्री फिरून बेघर माणसांना निवाऱ्यात चला म्हणणं हेच माझं काम आहे. म्हणून आधी हे ऐका, की पुरेसे निवारे नाहीतच. लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. 2011 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती 1 कोटी 24 लाख. करा हिशेब. त्याच जनगणनेत या शहरात 57 हजारांवर बेघर मोजले गेले. अख्ख्या कुटुंबाला एकत्र राहता येईल अशी जागा शोधताना तर आमची दमछाक होते.

पण आकड्यांच्या आड मी लपतेय, हेही खरं. जागा रिकामी असताना माणसं नाही म्हणतात. म्हणतातच. पहिली काही वर्षं मला त्याचा राग यायचा. रिपोर्टात मी स्वतः लिहिलंय, 'येण्यास नकार, सवय'.

दादरच्या फुलबाजाराजवळ एक बाई राहायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. मुलगा बाजारात हमाली करायचा, नातू सात वर्षांचा. पहाटे फुलांचे टेम्पो लागले की अक्काने सुटा मोगरा घ्यायचा, उजाडेपर्यंत गजरे ओवायचे, लोकल भरायला लागल्या की स्टेशनबाहेर विकायचे. मी तीन पावसाळे तिच्या मागे लागले होते. ती हसून म्हणायची, "ताई, तुमचं गेट सहाला उघडतं. सहाला मोगरा राहतो का?"

त्या जुलैत पोराला ताप होता. पाणी गुडघ्याला लागलेलं. मी तिला घाबरवलं, हे कबूल करते. 2002 साली वांद्र्याला फुटपाथवर झोपलेल्यांच्या अंगावर गाडी चढली होती, ते सांगितलं. पोराला काही झालं तर काय करशील, असं विचारलं. ती उठली. बायकांच्या निवाऱ्यात तरुण मुलाला घेत नाहीत, म्हणून मुलगा सामानापाशी थांबला. पत्र्याची पेटी सोबत घेऊ म्हणाली, तर मीच म्हटलं, एका रात्रीचा प्रश्न आहे, राहू दे.

पहाटे मुलगा टेम्पो उतरवायला गेला आणि सामान उचलणारी गाडी येऊन गेली. कोणाची, ते इथे लिहीत नाही. तीन दिवस आम्ही दोघी गोदामात हिंडलो. हातगाड्या, स्टोव्ह, भिजून फुगलेल्या गाद्या. चौथ्या दिवशी पेटी सापडली, कडी तुटलेली. रेशनकार्ड नाही, आधार नाही, पोराचा जन्मदाखला नाही. तळाला दोऱ्याचं रीळ होतं, त्यात खोचलेली सुई, आणि काळ्या पडलेल्या चार कळ्या. अक्काने सुई काढून पदराला टोचली. म्हणाली, "तुम्ही म्हणलात म्हणून गेले होते."

त्या रात्री पोर कोरडं झोपलं, सकाळी ताप उतरला होता. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय. नेलं नसतं आणि त्याचं काही बरंवाईट झालं असतं, तर? मग दुसऱ्या बाजूने ती पेटी येते. याचं उत्तर माझ्याकडे नाही. गाडीची चूक माझ्या माथी का, असंही वाटतं. पण पेटी राहू दे म्हणणारी मीच होते.

माणसं फुटपाथवर राहतात कारण काम तिथे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात, म्हणजे मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, मान्य केलं. राहण्याची जागा गेली की रोजगार जातो, असं म्हटलं; आणि तरी नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली. मला हे कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिलंही. अक्काच्या तोंडून ऐकताना मात्र ती सबब वाटली.

अजूनही मी पावसात जाते आणि चला म्हणते. फक्त सामानासकट म्हणते, आणि सामान ठेवून घ्या म्हणून निवाऱ्याच्या दारात भांडते. सवय हा शब्द लिहिणं सोडलंय. अक्काला मात्र पुन्हा चल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जन्मदाखल्याची प्रत सात महिन्यांनी मिळाली. रेशनकार्डाचा अर्ज तसाच आहे. खिडकीवरचे साहेब पत्त्याचा पुरावा मागतात. मंगळवारी आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत, गजरे विकून झाल्यावर.