वुडस्टॉकच्या स्वयंपाकघरापासून मदुराईच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत

मदुराईत आलेला माणूस आधी मीनाक्षीच्या देवळात जातो. आम्ही मात्र वैगई ओलांडून आधी अण्णानगरातलं अरविंद नेत्र रुग्णालय गाठलं. साठच्या दशकातल्या हिप्पी चळवळीतलं खरोखर काय टिकलं, हे बघायचं तर कॅलिफोर्नियाइतकीच ही जागाही महत्त्वाची आहे.

१९६९च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात हॉग फार्म या हिप्पींच्या कम्यूनने, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गटाने, हजारोंना फुकट जेवू घातलं. वेव्ही ग्रेव्ही त्याच कम्यूनचे. डॉ. लॅरी ब्रिलियंट नीम करोली बाबांच्या सांगण्यावरून भारतातल्या देवी रोगाच्या निर्मूलनाच्या मोहिमेत उतरले. बाबांचेच दुसरे शिष्य रामदास, म्हणजे हार्वर्डमधून बाहेर पडलेले रिचर्ड अल्पर्ट. या मंडळींनी १९७८ साली सेवा फाउंडेशन काढलं, कचेरी आता बर्कलीत. मदुराईचे नेत्रतज्ज्ञ डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होते. संधिवाताने बोटं वाकडी झाली तरी ते शस्त्रक्रिया करत राहिले आणि निवृत्तीनंतर १९७६ साली ११ खाटांवर त्यांनी अरविंद सुरू केलं.

सगळ्यांना फुकट, हे म्हणणं सोपं. खेड्यातल्या नेत्रशिबिरात मोतीबिंदू निघाला, ऑपरेशनही फुकट, तरी पुष्कळ जण यायचेच नाहीत. बसभाडं, जेवण, बुडालेली मजुरी, सोबतीला कोण येणार? म्हणून शिबिरातूनच बस भरून रुग्ण आणायचे, राहणं-जेवण द्यायचं आणि ऑपरेशननंतर परत सोडायचं, असं ठरलं. खर्च पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या फीमधून निघतो. डॉक्टर दोन्हीकडे तेच.

थिएटरात शेजारी-शेजारी दोन टेबलं असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. सर्जन फक्त मायक्रोस्कोप फिरवून वळतो. बाकीची तयारी खेड्यांतून निवडून शिकवलेल्या मुली करतात, आणि आमच्या मते या व्यवस्थेचा खरा कणा त्याच आहेत. मोतीबिंदू काढायला सर्जन डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा काढतो. तो डोळ्याच्या आतल्या दाबानेच मिटतो, त्यामुळे टाका लागत नाही. बोगदा फार उथळ झाला तर वरचा पापुद्रा फाटतो. फार खोल गेला तर चीर नीट मिटत नाही, बुबुळाचा पडदा बाहेर येऊ शकतो. आत बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवताना आधी डोळ्याची लांबी चुकीची मोजली असेल तर ऑपरेशन उत्तम होऊनही धूसरच दिसतं.

आयात भिंग शंभर डॉलरच्या घरात होतं, तोवर गरिबाच्या डोळ्यात ते घालणं परवडणारं नव्हतं. १९९२ साली सेवाच्या मदतीने इथेच ऑरोलॅब, म्हणजे अरविंदचा भिंगांचा कारखाना, सुरू झाली आणि भिंग दहा डॉलरच्या आसपास आलं. वुडस्टॉकची पंगत इथवर पोचली ती या कारखान्यामुळे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

जायचं असेल तर आधी लिहून परवानगी घ्या. सकाळी लवकर जा, बाह्यरुग्ण विभाग तेव्हाच भरात असतो. रुग्णांचे फोटो काढू नका.