मादाम बोव्हारी, एक सेमिस्टर आणि एक 'तर'

एमए फ्रेंचच्या तिसऱ्या सेमिस्टरला एकोणिसाव्या शतकातली एक अख्खी कादंबरी मूळ फ्रेंचमधून वाचायची, त्यावर पेपर लिहायचा आणि वर तोंडी परीक्षा. यादीत बाल्झाक, स्टेंधाल, झोला सगळे होते, मी फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' उचलली. कारण खरं सांगायचं तर एवढंच की गोष्ट माहीत होती. नॉर्मंडीतल्या खेड्यातल्या डॉक्टरची बायको एम्मा, कंटाळा, दोन लफडी, डोक्यावर कर्ज, शेवटी आर्सेनिक. म्हटलं स्टोरी माहितीये म्हणजे निम्मं काम झालं. हसू नका.

लायब्ररीतली प्रत हातात आली तर आधीच्या कुणीतरी प्रत्येक ओळीवर पेन्सिलनं अर्थ लिहिलेले, पान ४३ पर्यंत. मग एकदम कोरं. तेव्हाच समजायला हवं होतं.

पहिल्याच प्रकरणात शाळेत नवा मुलगा येतो, शार्ल, पुढे हाच एम्माचा नवरा. आणि त्याची टोपी. त्या टोपीत केसाळ टोपी, लष्करी टोपी, गोल हॅट, पाणमांजराच्या कातड्याची टोपी आणि झोपताना घालायची सुती टोपी असं सगळ्याचं थोडं थोडं आहे म्हणे, आणि हे सगळं एका दमात. मी बी२ पास झालेली मुलगी, रोजचं फ्रेंच बऱ्यापैकी येतं, पण एका टोपीवर दोन संध्याकाळी घालवल्या. शिवाय तो पासे सॅम्पल, म्हणजे फक्त पुस्तकातच जगणारा भूतकाळ, बोलण्यात कधी येत नाही त्यामुळे ओळखीची क्रियापदं पण अनोळखी वाटायची. पंधरा दिवसांनी सवय झाली, आपोआपच झाली, त्याला काही युक्ती नाही.

मग सेमिनार. पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन होतं आणि पहिल्याच स्लाइडवर मी मोठ्ठ्या अक्षरात टाकलं, 'मादाम बोव्हारी म्हणजे मीच', खाली फ्लोबेरचं नाव. मॅडम मागच्या बाकावरून शांतपणे म्हणाल्या, "कुठल्या पत्रात आहे हे?" मी म्हटलं, शोधून सांगते मॅडम. तीन दिवस शोधलं. नाहीच्चे. कादंबरीत नाही, पत्रांत नाही, कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलेलं आणि फ्लोबेर १८८० मध्ये गेल्यावर कितीतरी वर्षांनी छापलं गेलेलं. इतकी लाज वाटली की विचारू नका, पण त्या शोधाशोधीत त्याची प्रेयसी लुईझ कोले, तिला लिहिलेली पत्रं वाचायला लागले आणि खरा माणूस तिथे भेटला. सप्टेंबर १८५१ ला कादंबरी सुरू केली, एप्रिल १८५६ ला संपवली, मध्ये सतत रडगाणं. एका पत्रात सांगतो की सहा आठवड्यांत पंचवीस पानं झाली. मला एवढं बरं वाटलं ना वाचून! रुआँजवळ क्रुआसेला नदीकाठच्या घरात रात्र रात्र बसायचा आणि वाक्य कानाला बरोबर लागतंय का बघायला मोठमोठ्यानं ओरडून म्हणायचा. मी पण सुरू केलं. रूममेट भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अगं ए बाई, उद्या सकाळची शिफ्टे माझी."

पण मोठ्यानं वाचल्यामुळेच तो जत्रेसारखा भाग कळला. दुसऱ्या भागाचं आठवं प्रकरण, शेतकी प्रदर्शन. डिक्शनरीत अर्थ बघून डोळ्यापुढे काहीच येत नव्हतं, मग एकदम लक्षात आलं, अरे, हे तर आपलं खिलार बैलांचं प्रदर्शन! मांडव, पाहुणे, लांबलचक भाषणं, आणि मग बक्षिसांचा पुकारा. इथे वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसून रोदोल्फ, पुढे तिचा प्रियकर होणारा, एम्माला गोड गोड बोलतोय आणि खाली बक्षिसं जाहीर होतायत. तो म्हणतो, शंभरदा मनात आलं निघून जावं, पण तुमच्या मागे आलो, थांबलो. खालून आवाज, "शेणखत!" मी लायब्ररीत मोठ्यानं हसले. आणि लगेच पुढे एक म्हातारी येते, कातरीन लरू, एकाच शेतावर ५४ वर्षं राबली म्हणून तिला चांदीचं पदक, किंमत २५ फ्रँक. तिच्या हातांचं वर्णन आहे, धुण्याच्या सोड्यानं नि लोकरीच्या चिकटानं असे झालेत की कितीही धुतले तरी मळकेच दिसतात. पदक घेऊन म्हणते, आमच्या पाद्र्याला देईन, माझ्यासाठी प्रार्थना करील. हसू तिथेच थांबलं. लोक एम्माबद्दल बोलतात, मला आजही आधी ती म्हातारीच आठवते.

लरो नावाच्या व्यापाऱ्याचा भाग मात्र भराभर वाचला, उधारीवर कापड, हुंडीवर हुंडी, शेवटी चोवीस तासांत ८,००० फ्रँक भरा म्हणून कोर्टाचा हुकूम. हे समजायला डिक्शनरी लागत नाही.

माझा पेपर सगळा एका वाक्यावर अडकला. रोदोल्फबरोबर पहिल्यांदा जंगलात जाऊन आल्यावर एम्मा आरशात बघते, मला प्रियकर आहे, प्रियकर, असं घोकते, आणि त्यानंतर एक वाक्य येतं ज्याला ना अवतरणचिन्ह ना 'तिला वाटलं'. हे कोण बोलतंय? एम्मा की लेखक? कादंबरी १८५६ च्या शेवटी 'रव्यू द पारी'मध्ये हप्त्यांनी आली, संपादकांनी घाबरून काही भाग आधीच कापला, तरी जानेवारी १८५७ मध्ये खटला उभा राहिला. सरकारी वकील पिनार म्हणाला, हे व्यभिचाराचं गुणगान आहे. फ्लोबेर ७ फेब्रुवारीला सुटला आणि पुस्तक आपल्या वकिलाला, सेनारला, अर्पण केलं. (त्याच वर्षी त्याच पिनारनं कवी बोदलेरवर खटला भरला, त्याला मात्र दंड झाला.)

आता मराठी करून बघितलं. 'आता तिला प्रेमाचं ते सुख मिळणार होतं.' हे लेखक सांगतोय, म्हणजे गुणगान त्याचंच, पिनार खूश. 'आता आपल्याला प्रेमाचं ते सुख मिळणार, असं तिला वाटलं.' 'आपल्याला' आलं की भांडणच मिटलं, सगळं तिच्या डोक्यात, पण मग फ्लोबेर कुठे गेला? मूळ वाक्यात एक छोटासा 'दोंक' आहे, म्हणजे आपलं 'म्हणजे' किंवा 'तर', इतके दिवस मी त्याच्यावरून उड्या मारत होते. शेवटी लिहिलं, 'म्हणजे आता मिळणार होतं तर तिला प्रेमाचं ते सुख.' वाक्य 'तिला'चंच राहिलं, पण 'तर' तिच्या तोंडचा.

तोंडीला बाहेरून आलेल्या सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. म्हणाले, "'तर' छान आहे. पण या 'तर'मध्ये कुणीतरी हसतंय, ते कोण?" मला उत्तर आलं नाही. मग त्यांनी ओमे फार्मसिस्टबद्दल विचारलं, ते मी घडाघडा सांगितलं, शेवटच्या ओळीत त्याला सरकारी पदक मिळतं वगैरे.

रात्री रूमवर येऊन रूममेटला ते वाक्य वाचून दाखवलं, फक्त मराठीतलं. ती नखांना नेलपेंट लावत होती. म्हणाली, "म्हणजे मिळालं नाही ना तिला काही?"

गोष्ट मी तिला सांगितलेलीच नव्हती.