"मॅडम, तीन हजार जीपे करता?"

मी कॉलेजात शिकवते. परीक्षेचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले की एखाद्या विद्यार्थिनीचा हा मेसेज येतो. "शिष्यवृत्ती आली की लगेच देते" हेही सोबत असतंच. पैसे पाठवणं दहा सेकंदांचं काम. मी ते करत नाही. यंदा त्याऐवजी जे केलं त्यात तीन आठवडे गेले, आणि त्यातले जवळजवळ सगळे बँकेच्या एका काउंटरवर.

इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजातच द्यायचे गुण माझ्या हातात असतात. उसने दिले आणि परत आले नाहीत, तर पोरगी आधी नजर चुकवते, मग तास. गुण कमी पडले तर ती वसुली दिसते, जास्त पडले तर मेहेरबानी.

ऑफिसचं काम सोपं निघालं. विद्यार्थी सहाय्य निधीसाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मागच्या सत्राची गुणपत्रिका आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाची प्रिंट. पैसे मुलीच्या हातात येत नाहीत, परस्पर फीच्या खात्यात जमा होतात आणि पावती तिच्या नावाची निघते. फॉर्म वेळेत गेला.

अडलं ते शिष्यवृत्तीपाशी. पोर्टलवर अर्ज मंजूर, खात्यात दमडी नाही. बँकेत विचारलं तर, "आधार लिंक आहे." दुसऱ्यांदा गेलो, तेच उत्तर. पासबुकाच्या पहिल्या पानावर आधारचे शेवटचे चार आकडेही दाखवले. ते खरंच होतं, पण आम्ही विचारत होतो ते हे नव्हतंच. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार खात्याला जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे यावेत म्हणून एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत ते खातं चढवणं वेगळं. दुसऱ्याला सीडिंग म्हणतात, त्यासाठी वेगळं संमतीपत्र लागतं. एका आधारवर एका वेळी एकच बँक चढते. त्यामुळे अकरावीत कुठल्या दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर आधी ते तपासा, पैसे तिथेच पडलेले असू शकतात.

काउंटरवर भांडण्यापेक्षा 'माय आधार'च्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह, दोन्ही दिसतं. आमचं इनॲक्टिव्ह होतं. पण हे बघायला ओटीपी लागतो, तो आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि तो नंबर तिच्या वडिलांचा. वडील ट्रॉलरवर खलाशी. नाव बाहेर गेली की आठ-आठ दिवस रेंज नाही. म्हणजे एवढं एक पान बघायला नाव बंदराला लागायची वाट.

त्या पानाची प्रिंट बँकेत नेल्यावर मग कुठे सीडिंगचा फॉर्म मिळाला. त्यावर खातं क्रमांक, आधारवरचं नाव जसंच्या तसं, आणि 'आधी दुसऱ्या बँकेत जोडलेलं असल्यास तिचं नाव' हा रकाना. तो कोरा सोडला म्हणून एक फेरी वाया गेली. पोच म्हणून शिक्का मारलेली झेरॉक्स मागून घ्या. आमच्याकडे नव्हती, म्हणून पहिला फॉर्म "मिळालाच नाही" झाला.

बरं, पैशांची सीमा फक्त उसनवारीपुरती नाही. सहलीची वर्गणी स्वतःच्या जीपेवर घेऊ नका. पन्नास मुलांचे पैसे आपल्या घरखर्चात मिसळतात आणि सहल रद्द झाली की कुणाचे किती परत करायचे, याचा हिशेब लागत नाही. कॉलेजच्या खात्यात भरायला सांगा, पावती घ्या. एप्रिलात, नेमके इंटर्नल चढवायच्या दिवसांत, पालक हापूसची पेटी घेऊन दारात उभे राहतात. त्यांच्या मनात बहुतेकदा काही नसतं, पण पेटी परतच करावी लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीतल्या शिक्षकांसाठीच्या आचारसंहितेत तासांबाहेरही विद्यार्थ्यांना मोबदला किंवा बक्षीस न घेता मार्गदर्शन करावं असं आहे. वाईट वाटलं तर तेच पुढे करते.

आणि ते सीडिंग स्टेटस जुलैतच बघून घ्या. मासेमारी बंद असते, वडील घरी असतात, ओटीपी ओट्यावर बसल्या बसल्या मिळतो.