एक ब्रास पसारा

लेकीनं ओहायोहून फोटो पाठवला. घरासमोर, जिथं गाडी लावतात तिथं, एक लांबलचक हिरवं लोखंडी खोकं ठेवलेलं. वरून उघडं, एका टोकाला दार. खाली लिहिलेलं, ‘डंपस्टर. आठ दिवसांसाठी भाड्यानं घेतलाय.’ लग्नानंतर आम्ही ज्या खोलीत बिऱ्हाड थाटलं ती याच्याहून लहान होती, हे मी तिला कळवलं नाही.

तिनं आणि जावयानं तिकडं जुनं घर घेतलंय. आधीचे मालक तळघर तसंच भरलेलं ठेवून गेले, ते उपसायचं होतं. दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला. खोकंवाल्यांनी सोबत दिलेला कागद. काय टाकायचं याला चार ओळी आणि काय टाकायचं नाही याला अख्खं पान. ओला रंग नाही, डब्यात वाळून खडक झालेला असेल तर चालेल. टायर नाहीत, बॅटऱ्या नाहीत, इंजिन ऑइल नाही. गॅसची टाकी रिकामी असली तरी नाही. ट्यूबलाइट नाही, कारण आत पारा. फ्रिज नाही, त्यातला गॅस आधी जाणकाराकडून काढून घेतला असेल तर बघू. अ‍ॅस्बेस्टॉसचा तर विषयच नाही. बंद पिंपं नाहीत. रिकामी आणि कापून उघडी केलेली चालतील. गादी चालेल, पण तिचे पैसे वेगळे. आणि सगळं काठापर्यंतच, वर शीग लावायची नाही.

आमचे हे बांधकाम खात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “किती ब्रासचं आहे?” लेक म्हणाली, वीस यार्डांचं. घरात शांतता. मग रद्दीच्या कागदावर गणित झालं. एक घनयार्ड म्हणजे 27 घनफूट, वीस यार्ड म्हणजे 540, ब्रास शंभर घनफुटांचा. “5.4 ब्रास. म्हणजे आपल्या साडेपाच ट्रॉल्यांना जरा कमी.” तेव्हा कुठं त्यांना अमेरिका समजल्यासारखी वाटली. पण त्या खोक्यात माती-विटा काठोकाठ भरायच्या नाहीत, वजनामुळं लॉरीला ते उचलवत नाही, असं कळल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. “माती भरायची नाही तर मग खोकं आणलंय कशाला?”

डंपस्टर हा शब्द एका आडनावातून आलाय. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावच्या डेम्पस्टर बंधूंनी 1930च्या दशकात कचऱ्याचं खोकं यंत्रानं उचलायची युक्ती काढली आणि आपल्या आडनावात ‘डंप’ कालवून तिचं बारसं केलं. त्यांच्यातला जॉर्ज डेम्पस्टर पुढं त्या गावचा महापौर झाला. आपल्याकडं कचऱ्याच्या खोक्याला कुणाचं आडनाव द्यायचं नुसतं ठरलं असतं तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला असता.

आता ही सगळी चर्चा चालण्याचं कारण म्हणजे त्याच पंधरवड्यात आम्हीही घर उपसत होतो. सोलापुरातल्या बाळीवेशीतलं सासऱ्यांचं घर. पुढची बाजू स्लॅबची, मागचा सोपा माळवदाचा. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. बाहेर बेचाळीस अंश असताना आत पाठ टेकली की झोप लागायची. पण माळवदाला एक खोड असते. पावसाळ्यात गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची. सासऱ्यांनी टाकली, त्यांच्या वडिलांनी टाकली होती, आणि दर वेळी छत गळायचं थांबून जड होत गेलं. यंदा मधली तुळई वाकलेली दिसली आणि ह्यांनी सांगून टाकलं, दिवाळीच्या आत हे उतरवायचं.

उतरवायचं म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. आमच्या बोळात ती शिरत नाही, कोपऱ्यावर थांबते आणि घमेल्यांनी वाहून भरावी लागते. लेकीचा तो कागद डोक्यात होता, म्हणून मी ट्रॅक्टरवाल्याला आधीच विचारलं, “यात काय काय टाकलेलं चालत नाही?” त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं पाहिलं. “मावशी, भरा की. जित्राब सोडून काय बी चालतंय.”

चला, एक नियम तरी निघाला.

पण ट्रॉलीचा नियम एकच असला तरी बोळात जकात नाका होता. सासूबाई. वय 84, गुडघे गेलेले, नजर शाबूत. सोपा आणि बोळ यांच्या मधल्या चौकटीत त्यांनी खुर्ची टाकून घेतली. प्रत्येक घमेलं त्यांच्या पुढून जायचं. मातीच्या घमेल्याला त्या बोलत नसत. मातीखेरीज काही दिसलं की काठी आडवी. “ते काय? दाव.” पहिल्या तासात अडवलेला माल: बिनकानाची पितळी परात, लाकडी रवी, वीसेक मोकळ्या बाटल्या, आणि एक धोटा. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा. आजेसासरे जुन्या मिलमध्ये होते, त्यांनी आणलेला. लाकूड हात लागून लागून शिसवासारखं काळं झालेलं, दोन्ही टोकांना पितळेच्या नव्हे, लोखंडाच्या टोप्या. त्यातली एक सैल झाली होती, हलवलं की खुळखुळायची. सासूबाईंनी तो हातात घेतला आणि मग दिवसभर तोच काठीसारखा वापरत होत्या. आडवा धरून माल थांबवायला.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली, कारण तो पाण्याचा दिवस निघाला.

सोलापूरकरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी म्हणून सांगते. इथं नळाला रोज पाणी येत नाही. कधी तीन दिवसांआड, कधी चार, कधी पाच, उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी. त्यामुळं सोलापुरात वार सात नसतात, दोन असतात. पाण्याचा आणि बिनपाण्याचा. लग्नाची तारीख काढतानाही पोरीची आई हळूच विचारून घेते, त्या दिवशी पाणी आहे का? आणि या सगळ्यामुळं ज्यात पाणी मावतं अशी कुठलीही वस्तू या गावात टाकाऊ नसते. बादली फुटली तर खालच्या अर्ध्यात मावेल तेवढं पाणी असतंच की.

मी मात्र त्या सकाळी तीन जुनी निळी पिंपं ट्रॉलीत चढवली होती. कधीकाळी पूर्व भागातल्या एका सूत रंगवायच्या कारखान्यातून आलेली. तळाला अजून जांभळट कड होती. एकाला चीर, एकाचं झाकण हरवलेलं, तिसरं बरं होतं पण मला ते डोळ्यांसमोर नको होतं. साडेदहाला बोळात आरडाओरडा झाला, पाणी आलं. सगळ्यांच्या मोटारी सुरू, पाइपांचं जाळं, बायका पदर खोचून. सासूबाईंनी खुर्चीतूनच हाक दिली, “निळी पिंपं कुठायत गं?” मी म्हटलं, ट्रॉलीत. त्यावर त्या जे बोलल्या ते कानडीत होतं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं असल्यानं राग त्यांना त्याच भाषेत येतो आणि तो मला इतक्या वर्षांतही पूर्ण कळलेला नाही, हे आमच्या संसाराचं एक गुपित आहे.

मी कोपऱ्यावर धावत गेले तोवर ट्रॉलीतलं चांगलं पिंप समोरच्या घरच्या सूनबाईनं उतरवून नळीखाली लावलं होतं. बिनझाकणाचं दुसऱ्या एकीनं. चिरलेल्यापाशी एक म्हातारे आजोबा चीर कुठवर गेलीय ते बोटानं बघत उभे होते. “अर्ध्यापर्यंत थांबतंय बघा पाणी,” ते मला समजावून म्हणाले. ओहायोच्या कागदावर पिंप कापून उघडं केल्याशिवाय स्वीकारत नाहीत. इथं कापलं असतं तर बोळात मला कुणी पाणी विचारलं नसतं. तेही पाण्याच्या दिवशी.

तिथून पुढं तर उतारच लागला. सागवानी तुळया जुन्या लाकडाचा व्यापार करणाऱ्यानं मोजून नेल्या. वाकलेली तुळईसुद्धा, तिच्या म्हणे पाटाच्या फळ्या निघतात. शहाबादी फरश्या एकाच्या अंगणाला गेल्या. न्हाणीवरचे सिमेंटचे पत्रे, म्हणजे त्या कागदावर ज्याचा विषयच नव्हता तो अ‍ॅस्बेस्टॉस, मी तोंड उघडायच्या आत दोन पोरांनी डोक्यावर धरून शेळ्यांच्या गोठ्याकडं नेले. “धर की बे नीट,” एक दुसऱ्याला म्हणत होता. मी मागून ओरडले, करवतीनं कापू नका रे, त्याची धूळ छातीत बसते. पोरगा मान वळवून हसला. “मावशी, सगळ्या पेठेत हेच पत्रे हायत.” त्यात खोटं काही नव्हतं. ते पत्रे आजही दुकानात नवे कोरे मिळतात.

फ्रिज भंगारवाल्यानं घेतला. आमच्या लग्नातला, म्हणजे ज्या काळात त्यात ओझोन खाणारा गॅस भरत त्या काळातला. त्यानं हातगाडी तिरकी केली, मागची तांब्याची नळी पकडीनं दाबली, कट्. फस्स् असा एक बारीक आवाज आला आणि थांबला. लेकीकडं या फस्स्‌साठी माणूस बोलवावा लागतो, त्याच्याकडं परवाना असतो, गॅस टाकीत धरून न्यावा लागतो. इथं तो बाळीवेशीच्या आभाळात गेला आणि भंगारवाला तांब्याचं वजन हातानंच जोखत होता. तीस वर्षं आत लोणी, दही, लेकीची आइस्क्रीमं ठेवली त्या फ्रिजचा शेवटचा श्वास एवढासा असेल असं वाटलं नव्हतं.

आता ट्रॉलीत खरंच फक्त माती उरली. ह्यांनी ट्रॅक्टरवाल्याला बजावलं, राडारोड्याचे 2016 पासून नियम आहेत, रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकायचा नाही. तो उलट दुखावला. “साहेब, येडा हाय का मी? या मातीला गिऱ्हाईक हाय.” जुन्या घराची पांढरी माती, चुलीची राख, शेण आणि पिढ्यांचं सारवण जिरलेली, शेतकरी ती रानात पसरायला नेतात. एक खेप होटगीकडच्या मळ्यात जाणार होती, विटांचे तुकडे असलेली एक खेप कुणाच्या प्लॉटवर भरावाला, कारण तिकडं काळी माती आणि पावसात पाय ढोपरापर्यंत. न्यायचं भाडं आमच्याकडून, आणायचं त्यांच्याकडून. ह्यांनी गणित केलं आणि मग जरा वेळ गप्प बसले.

ट्रॉली निघताना धूळ उडू नये म्हणून त्याला वर झाकायला काहीतरी हवं होतं. सासूबाईंनी आतून एक चादर पाठवली. आपली सोलापुरीच, दोन कडा विरलेल्या, मधल्या मोराचा नुसता पिसारा उरलेला. “परत आणायची,” त्यांनी सांगून ठेवलं. आणि त्यानं आणली! झटकून, घडी घालून.

राहिलं काय? न्हाणीच्या दाराआड नऊ ट्यूबा. रंगाचे चार डबे. सासऱ्यांची अर्धवट राहिलेली औषधं. इन्व्हर्टरची बॅटरी होती ती दुकानदारानं नव्या बॅटरीत वळती करून घेतली, तो प्रश्न सुटला. पण ट्यूबा कुणाला नको होत्या. भंगारवाला म्हणाला, काचेला भाव नाही. घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा असं नियमात सांगितलंय, म्हणून मी मोठ्या आशेनं घंटागाडीपाशी गेले. गाडीवरच्या पोरानं ट्यूबेची लांबी बघितली. “फोडून द्या, मावशी. अख्खी मावत नाही.” मी म्हटलं, आत पारा असतो रे. त्यानं खरंच वाकून आत बघितलं.

ट्यूबा परत दाराआड गेल्या. तीन दिवस भंगारवाला, लाकूडवाला, शेतकरी, शेजारणी, सगळ्यांनी मिळून घर धुवून नेलं, आणि जे पहिल्यांदा जायला हवं तेवढंच आमच्याकडं शिल्लक.

रात्री लेकीचा फोन आला. आवाज रडवेला. काठापर्यंत नीट रचलेल्या तिच्या डंपस्टरमध्ये रातोरात कुणीतरी शेजाऱ्यानं आपली जुनी डबलबेडची गादी आणून टाकली होती. आता गादीचे वेगळे पैसे आणि वर शीग झाली म्हणून तो लॉरीवाला खोकं उचलायला तयार नाही. आमच्याकडं शेजारी ट्रॉलीतून काढून नेतात, तिच्याकडं भरून जातात. मी हसले, ते तिला आवडलं नाही.

स्पीकर सुरू होता. सासूबाई कॉटवर बसून धोट्याची सैल टोपी चिंधीनं घट्ट बसवत होत्या. त्यांनी मान वर केली.

“गादी म्हणतीय का? मग रडलालीस कशाला? कापूस बघ आधी. चांगला असंल तर पिंजून घे.”